घातांकाचे नियम तोंडपाठ, तरी वहीत २^३ × २^४ = ४^७! कसं समजवायचं?

केवडा
लेक सातवीत आहे, सेमी-इंग्रजी. सध्या घातांकाचं प्रकरण चालू आहे. (इथे अंक वर चढवून लिहिता येत नाही म्हणून ^ वापरते. २^३ म्हणजे पाया २, घातांक ३.) सूत्रं विचारली की घडाघडा म्हणून दाखवते. पाया समान असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताचा घात असेल तर गुणाकार, सगळं. पण वहीत काय आहे बघा:

३^२ = ६
२^३ × २^४ = ४^७
२^३ + २^४ = २^७
५^० = ०
-२^४ = १६

पहिलं गणित तिने स्वतःच खोडून ९ केलं आहे. बाकीची तशीच आहेत. चौथ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "पाच शून्य वेळा, म्हणजे काहीच नाही, म्हणजे शून्य." मला तिचं म्हणणं खोडता आलं नाही. ५^० = १ हे मला माहीत आहे, पण का ते नीट सांगता येत नाही. "नियमच आहे तसा" असं उत्तर मला तिला द्यायचं नाही. गणित शिकवणाऱ्या मंडळींनी कृपया सांगा.

खडूफळा
केवडाताई, वहीतल्या पाचही ओळी महत्त्वाच्या आहेत, कारण प्रत्येकीमागे वेगळं कारण आहे. बरीच वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवतोय. या पाच ओळी दर वर्षी, दर वर्गात भेटतात.

३^२ = ६ तिने स्वतः सुधारलं, म्हणजे मूळ कल्पना पोचलेली आहे. घाईत डोळ्याला ३ आणि २ दिसतात आणि हात सवयीने गुणाकार करतो. तिकडे फार लक्ष देऊ नका.

२^३ × २^४ = ४^७ मध्ये तिने नियम अर्धा वापरला आहे. घातांक मिळवले ते बरोबर, पण पायेसुद्धा गुणले. सूत्र पाठ असलेल्या मुलांकडूनच हे होतं, ज्याला सूत्र माहीतच नाही त्याच्याकडून होत नाही. तो बिचारा पूर्ण लिहितो:

(२ × २ × २) × (२ × २ × २ × २)

आणि मोजतो. सात दोन. २^७ = १२८. तिचं ४^७ किती येतं ते तिलाच काढायला लावा. १६,३८४. ८ गुणिले १६ चं उत्तर सोळा हजारांच्या घरात जाणार नाही हे तिचं तिलाच दिसेल.

माझं सांगणं असं, की सूत्रांचा तक्ता काही दिवस बाजूला ठेवा. प्रत्येक गणित पसरून लिहायला सांगा. ३^४ × ३^२, ५^६ ÷ ५^२, (२^३)^४, सगळी. भागाकारात वरचे आणि खालचे ५ तिच्या हाताने कापू द्या. मग एक दिवस ७^१२ × ७^३० द्या. मूल दोन ओळी लिहून थांबतं आणि म्हणतं, "हे लिहायचं कशाला, बेचाळीसच होणार की." त्या क्षणी नियम तिचा झाला. त्यानंतर तो विसरला तरी ती पुन्हा उभा करू शकते.

शून्याचं उत्तर जरा मोठं आहे, रात्री सविस्तर लिहितो.

भिरभिरं
सर, वाट बघतोय.

तोवर -२^४ बद्दल. इथे भांडण कंसाचं आहे. (-२)^४ म्हणजे उणे दोन चार वेळा, उत्तर १६. कंस नसेल तर घात फक्त २ ला लागतो आणि उणे चिन्ह नंतर, म्हणून -१६. शाळेत, परीक्षेत आणि पुढच्या सगळ्या गणितात हाच संकेत आहे.

पण तिला संगणकावर पडताळायला देणार असाल तर सावध. एक्सेलमध्ये =-२^२ टाकलं तर उत्तर ४ येतं, कारण तिथे संख्येच्या आधीचं उणे चिन्ह आधी धरतात. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत घातासाठी ** लिहितात, तिथे -२**२ टाकलं तर -४ येतं. दोन्ही आपापल्या ठरवलेल्या क्रमाने चालतात. आम्ही ऑफिसात अशा ठिकाणी न चुकता कंस टाकतो, मुलांनाही तीच सवय लावावी.

शंभरनंबरी
खडूफळा सरांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस या स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतो. पसरून लिहा, शोधून काढा, हे वर्गात छान वाटतं. परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभर मिळतं. हे बघा:

८^५ × ४^३ ÷ १६^४

हे पसरून लिहिणारं मूल पेपर पूर्ण करणार नाही. ज्याला ८ = २^३, ४ = २^२, १६ = २^४ हे बघताक्षणी दिसतं ते मूल २^(१५+६-१६) = २^५ = ३२ लिहून पुढे जातं. त्यासाठी पाठांतर हवं. पाढे पाठ करायला कुणाची हरकत नसते, मग घातांकालाच का?

खडूफळा
शंभरनंबरी, तुमचं उदाहरण उत्तम आहे. त्यात मला दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. ६४ म्हणजे ८^२, ४^३ आणि २^६, किंवा २४३ म्हणजे ३^५, हे पाठच हवं, त्याबद्दल दुमत नाही. २ चे घात दहापर्यंत, ३ चे सहापर्यंत, ५ चे पाचपर्यंत आणि वर्ग तीसपर्यंत मी रोज पाढ्यांसारखे म्हणून घेतो. ही माहिती आहे आणि ती जिभेवरच हवी.

नियम हा तर्क आहे. तो आधी पाठ केला की ४^७ सारखं होतं, कारण नियम मोडतोय हे सांगणारं आत काहीच नसतं. आधी समज, मग सराव, मग वेग. तुमच्याकडे मुलं येतात ती तिसऱ्या पायरीवर, म्हणून तुम्हाला वेग दिसतो. माझ्याकडे ती पहिल्या पायरीवर असतात.

आता ५^०. केवडाताई, तुमच्या मुलीचा तर्क चुकीच्या जागेवरून सुरू होतोय, आणि त्याला आपण मोठी माणसं जबाबदार आहोत. "५^३ म्हणजे ५ ला ५ ने तीन वेळा गुणायचं" असं आपण सर्रास म्हणतो. नीट मोजा. ५ ला ५ ने तीन वेळा गुणलं तर ५ × ५ × ५ × ५ होतं, म्हणजे ५^४. काही मुलं खरंच तसं करतात आणि मार खातात.

मी १ पासून सुरुवात करतो. फळ्यावर १ लिहायचा. त्याला ५ ने तीन वेळा गुणा: १ × ५ × ५ × ५. हे ५^३. दोन वेळा गुणा: १ × ५ × ५. हे ५^२. एकदा गुणा: १ × ५. आता एकदाही गुणू नका. फळ्यावर काय उरलं? १ उरला. तो आधीपासून तिथेच होता. "काहीच केलं नाही म्हणजे शून्य" हे बेरजेत खरं आहे, कारण बेरीज शून्यापासून सुरू होते. गुणाकार एकपासून सुरू होतो.

एवढ्यावर पटलं नाही तर उतरती रांग लिहून घ्या:

३^४ = ८१
३^३ = २७
३^२ = ९
३^१ = ३

प्रत्येक पायरी उतरताना काय केलं? ३ ने भागलं. मग ३ ला ३ ने भागा, ३^० = १. तिथे थांबायचं कारण नाही. पुन्हा भागा, ३^(-१) = १/३. पुन्हा, ३^(-२) = १/९. घातांक ऋण झाला तरी संख्या ऋण होत नाही, ती लहान होत जाते. हे तिला स्वतःच्या हाताने उतरू द्या, मधे बोलू नका.

आणि एक खरं खरं सांगा तिला. ३^० = १ हे माणसांनी ठरवलं आहे, पण उगाच ठरवलेलं नाही. ३^२ ÷ ३^२ हे १ आहे यात वाद नाही. नियमाने तेच ३^(२-२) = ३^० आहे. नियम सगळीकडे चालायला हवा असेल तर ३^० ला १ शिवाय दुसरी किंमत देताच येत नाही. सातवीतल्या मुलांना हे कळतं, मी पाहिलं आहे.

केवडा
सर, खूप आभार. १ पासून सुरुवात करायची हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. रांग आज लिहून घेते.

अनुष्टुभ
फार सुंदर धागा, वाचनखूण साठवली.

खडूफळा सरांच्या "१ पासून सुरुवात" ला फार जुना आधार आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात (वृत्तांवरचा प्राचीन संस्कृत ग्रंथ) प्रश्न असा येतो: अमुक अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंच्या किती रचना होऊ शकतात? प्रत्येक जागी लघू किंवा गुरू, म्हणजे दोन पर्याय, म्हणून सहा अक्षरांना २^६. ही किंमत काढायची पिंगलाची रीत अशी. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करा आणि २ ही खूण लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि ० ही खूण लिहा. शून्यावर येईपर्यंत हे करा. मग खुणा उलट क्रमाने वाचा. १ घेऊन निघा, ० दिसला की दुप्पट करा, २ दिसला की वर्ग करा.

६ → ३ (निम्मे, खूण २)
३ → २ (वजा एक, खूण ०)
२ → १ (निम्मे, खूण २)
१ → ० (वजा एक, खूण ०)

उलट वाचा: १ दुप्पट २, त्याचा वर्ग ४, दुप्पट ८, वर्ग ६४. झालं २^६. ही रीत चालते ती दोन नियमांच्या जोरावर: (२^३)^२ = २^६ आणि २^२ × २ = २^३. आणि सुरुवात १ पासून, कारण शून्य अक्षरांशी २^० आहे.

शाळेत शिकलेले गण आठवा. य, र, त, न, भ, ज, स, म, असे आठच का? एका गणात तीन अक्षरं, प्रत्येकाला दोन पर्याय, २^३ = ८. नववा गण असूच शकत नाही. आता भुजंगप्रयात घ्या, चार य गण, बारा अक्षरं. बारा अक्षरांच्या चरणाचे एकूण साचे २^१२ = ४०९६. गणांच्या बाजूने मोजलं तर चार जागा आणि प्रत्येकी आठ गण, ८^४, तेही ४०९६. (२^३)^४ = २^१२ हा नियम मला मराठीच्या तासाला कळला असता तर किती आनंद झाला असता! मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी मिळून हा एक तास घ्यावा असं मनापासून वाटतं.

भिरभिरं
पिंगलाची ही रीत आम्ही रोज वापरतो. मोठा घात काढताना संगणकही असाच निम्मे आणि वर्ग करत जातो. हजारावा घात काढायला ९९९ गुणाकार लागत नाहीत, पंधराच्या आसपास पुरतात. सुरक्षित वेबसाइट आणि डिजिटल सह्यांमागच्या आरएसए पद्धतीत शेकडो अंकी घातांक असतात, तिथे याशिवाय चालतच नाही.

कणेरी
मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. ऋण घातांक आमच्याकडे रोज हातात येतो, म्हणून लिहिते. मुलांना हे दाखवता येईल.

दुधाच्या नमुन्यात जिवाणू किती हे बघायचं असतं. नमुना सरळ प्लेटवर घातला तर जिवाणूंच्या इतक्या वसाहती (डोळ्यांना दिसणारे ठिपके) उगवतात की मोजणं अशक्य. म्हणून पातळ करत जातो. १ मिली नमुना ९ मिली निर्जंतुक द्रावणात, म्हणजे दहापट पातळ. त्या नळीवर आम्ही १०^(-१) लिहितो. त्यातलं १ मिली पुढच्या ९ मिलीत, नळीवर १०^(-२). असं पाचव्या नळीपर्यंत गेलं की १०^(-५). घातांक म्हणजे तुम्ही किती वेळा पातळ केलंत त्याची मोजणी, बाकी काही नाही. १०^(-२) च्या नळीला पुढे तीन वेळा पातळ केलं की १०^(-२) × १०^(-३) = १०^(-५). घातांकांची बेरीज तिथे स्टँडवर ओळीने उभी असते.

मग पाचव्या नळीतलं १ मिली प्लेटमध्ये घालून उबवलं आणि समजा ४२ वसाहती मोजल्या. मूळ नमुन्यात दर मिलीला ४२ × १०^५, म्हणजे ४.२ × १०^६. साधारण बेचाळीस लाख. नव्याने रुजू झालेली मुलं इथेच अडखळतात. भागायचं की गुणायचं, घातांकाचं चिन्ह बदलायचं की नाही. पदवी असते, पण १०^(-५) ने भागणं म्हणजे १०^५ ने गुणणं हे हाताला माहीत नसतं. सातवीत पाया पक्का करा हो, पुढे फार उपयोग होतो.

घरी करायचं तर शाईचं पाणी आणि चमचे घ्या. एक चमचा रंगीत पाणी, नऊ चमचे साधं. चार-पाच वाट्यांनंतर रंग दिसेनासा होतो, पण शून्य होत नाही. ऋण घातांकाचं उत्तर शून्य का नाही हे त्या वाट्यांत दिसतं.

शंभरनंबरी
कणेरीताई, वाट्यांचा प्रयोग माझ्या बॅचला नक्की दाखवतो.

पाठांतरावर मी ठाम आहे, पण सरांनी माहिती आणि तर्क असं जे वेगळं केलं ते पटलं. त्यांच्या यादीत १० चे घातही घाला, तेही आपल्या नावांनी. हजार १०^३, लाख १०^५, कोटी १०^७, अब्ज १०^९. मग "दहा हजार गुणिले लाख किती?" असं तोंडी विचारा. ४ आणि ५ नऊ, अब्ज. मुलं हे शून्यं मोजत बसतात, घातांकाने क्षणात होतं.

अनुष्टुभ
त्यात भर. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ही नावं १०^१७ पर्यंत जातात. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं, घातांक ० ते १७. पहिलं नाव "एक", म्हणजे १०^०. लाख गुणिले कोटी? महापद्म.

माहेरवाशीण
इंग्लंडमधून लिहितेय. इथे जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारखी परीक्षा) वरच्या स्तराला ऋण आणि अपूर्णांक घातांक असतात आणि एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो. आमच्या घरी अडलं ते ८^(२/३) ला. माझा मुलगा म्हणायचा, "आठ दोन तृतीयांश वेळा कसा लिहायचा?"

खडूफळा सरांनी वर सांगितलेलंच इथे उपयोगी पडलं. नियम चालू ठेवायचा असेल तर काय व्हायला हवं? ९^(१/२) × ९^(१/२) = ९^१. स्वतःशी गुणून ९ देणारी धन संख्या ३, म्हणून ९^(१/२) म्हणजे वर्गमूळ. तसंच ८^(१/३) म्हणजे घनमूळ, २. मग ८^(२/३) = २^२ = ४. आधी मूळ काढावं, मग घात. उलट केलं तरी उत्तर तेच, पण २७^(४/३) ला आधी घात केला तर ५,३१,४४१ चं घनमूळ काढायची पाळी येते. आधी मूळ घेतलं तर ३^४ = ८१, संपलं.

"वेळा" हा शब्द पूर्णांकापुरताच पुरतो, पुढे नियमाचा हात धरून जावं लागतं, हे त्याला सांगितल्यावर तो एकदम मोकळा झाला. वेळा मोजता येत नाहीत म्हणजे आपल्यालाच गणित येत नाही असं त्याला वाटत होतं.

अनुष्टुभ
माहेरवाशीण, मुलाला हेही सांगा की इथे भलेभले थबकले होते. वर चढवलेला छोटा अंक आज आपण लिहितो त्या रूपात रूढ झाला तो फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या भूमितीच्या पुस्तकानंतर, आणि तो स्वतः वर्गासाठी बऱ्याचदा अक्षर दोनदाच लिहायचा. फ्रान्समधल्या शुकेने १४८४ च्या हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांक वापरले होते, पण ते तेव्हा छापलं गेलं नाही. अपूर्णांक आणि ऋण घातांक आजच्यासारखे लिहिलेले न्यूटनच्या १६७६ च्या पत्रात दिसतात. शाळेत हे सगळं दोन-तीन वर्षांत उरकतं.

केवडा
कळवायला आले. उतरती रांग तिने ३ ची लिहिली, मग आपणहून २ ची आणि १० ची. १० च्या रांगेत ०.१, ०.०१ आल्यावर "अगं हे तर दशांश!" म्हणून ओरडली. ५^० चा वाद मिटला.

२^३ + २^४ मात्र अजून नडतंय. "गुणाकारात बेरीज चालते तर बेरजेत का नाही?" असं विचारते.

खडूफळा
बेरजेसाठी नियमच नाही, हे तिला स्पष्ट सांगा. ८ + १६ = २४, आणि २४ हा २ चा घातच नाही. हवं तर सामाईक काढता येतं: २^३ × (१ + २) = ८ × ३.

आणि मग हे द्या: २^५ + २^५. बहुतेक मुलं २^१० म्हणतात, काही ४^५. पण ३२ आणि ३२ म्हणजे ६४, २^६. का? एकच वस्तू दोनदा घेतली, म्हणजे २ ने गुणली. लगेच विचारा, ३^४ + ३^४ + ३^४ किती? ३^५ हे तिने स्वतः सांगितलं तर बेरीज आणि गुणाकार तिच्या डोक्यात वेगळे झाले असं समजा.

त्यानंतर ही तीन शेजारी शेजारी:

२^३ × २^२ = ३२
(२^३)^२ = ६४
२^(३^२) = ५१२

तिन्हीत अंक तेच. तिला प्रत्येक पसरून लिहू द्या.

रानपाखरू
मी अकरावीत आहे, धागा वाचून विचारतो. पूर्णांक समजले, अपूर्णांकही समजले. पण २^√२ चं काय? √२ तर अपूर्णांकात लिहिताच येत नाही. मग कुठलं मूळ काढायचं? शिक्षकांनी "कॅल्क्युलेटर देतो ना उत्तर" म्हणून सोडून दिलं.

खडूफळा
प्रश्न अगदी योग्य जागी विचारलास. √२ अपूर्णांक नाही, पण अपूर्णांकांच्या चिमट्यात तो हवा तितका घट्ट पकडता येतो. √२ हा १.४ आणि १.५ च्या मधे आहे, १.४१ आणि १.४२ च्या मधे आहे, १.४१४ आणि १.४१५ च्या मधे आहे. हे सगळे अपूर्णांक आहेत, म्हणून यांचे घात आपल्याला माहीत आहेत. २^(१.४) म्हणजे २^(१४/१०), २ चं दहावं मूळ काढून त्याचा चौदावा घात. आता बघ:

२^(१.४) ≈ २.६३९०, २^(१.५) ≈ २.८२८४
२^(१.४१) ≈ २.६५७४, २^(१.४२) ≈ २.६७५९
२^(१.४१४) ≈ २.६६४७, २^(१.४१५) ≈ २.६६६६

डावीकडचे चढताहेत, उजवीकडचे उतरताहेत, मधली फट मिटत चालली आहे. पाया १ पेक्षा मोठा असला की घातांक वाढला की किंमत वाढते, म्हणून २^√२ ला या प्रत्येक जोडीच्या मधेच बसावं लागतं. प्रत्येक फटीत बसणारी संख्या एकच आहे, साधारण २.६६५१. तीच २^√२ ची किंमत मानतात.

रानपाखरू
म्हणजे २^π लाही हेच? ३.१ आणि ३.२, मग ३.१४ आणि ३.१५?

खडूफळा
हो, हेच. पहिली जोडी स्वतः काढ आणि इथे टाक. २^३ = ८ आणि २^४ = १६ च्या मधे यायला हवं.

रानपाखरू
२^(३.१) ≈ ८.५७४, २^(३.२) ≈ ९.१९०. पुढची काढतोय.